लिफ्टचे 18 लाख 24 घरांत कसे वाटायचे?

प्रश्न थोडक्यात असा : इमारत तळमजला अधिक पाच मजल्यांची, 1998 ची. 24 सदनिका, निम्म्या 450 चौरस फुटांच्या आणि निम्म्या 650 च्या. एकच लिफ्ट आहे आणि ती आता महिन्यातून दोनदा बंद पडते. नवीन लिफ्टचा खर्च जीएसटी, वायरिंग आणि गवंडीकाम धरून 18 लाख. सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी सोसायटीने साठवलेल्या निधीत, 5 लाख 10 हजार आहेत. एका वित्तसंस्थेने 14 लाख 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी देऊ केले आहेत, सदनिकेमागे महिना फक्त 1,507 रुपये पडतात, म्हणून कमिटीचा कल तिकडे आहे. तळमजल्याचे चौघे म्हणतात, आम्ही कशाला द्यायचे? प्रश्न विचारणारे सोसायटीचे खजिनदार आहेत. मेंटेनन्स सध्या 2,800 आहे.

खजिनदार साहेब, मी बावीस वर्षं सोसायट्यांचे हिशेब लिहितो आहे, त्यामुळे प्रश्नापेक्षा आधी तुमचे आकडे वाचले. त्यातले दोन मला खटकले. तिथूनच सुरुवात करतो.

पहिला आकडा 1,507. चौदा लाख, 11 टक्के, साठ महिने हे गणित शिल्लक रकमेवर व्याज धरून केलं तर महिन्याचा हप्ता साधारण 30,440 येतो, म्हणजे सदनिकेला 1,268. तुम्हाला 1,507 सांगितलेत. याचा अर्थ व्याज फ्लॅट रेटने लावलंय. मुद्दल फिटत गेलं तरी पाचही वर्षं पूर्ण चौदा लाखांवर 11 टक्के चालू. त्या हिशेबाने व्याज होतं 7 लाख 70 हजार आणि खरा दर पडतो पावणेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. एजंट खोटं बोलला असं नाही, कागदावर कुठेतरी ‘फ्लॅट’ असं छापलेलं असेलच. सभेत मात्र सगळ्यांनी ‘अकरा टक्के’ एवढंच ऐकलं असणार, आणि शेजारी ‘फ्लॅट’ हा शब्द दिसला तरी आपल्या माणसाला वाटतं आपल्या सदनिकेबद्दलच काहीतरी असेल!

दुसरा आकडा 5 लाख 10 हजार. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सिंकिंग फंड म्हणजे जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का. 1998 चा बांधकाम खर्च चौरस फुटाला 600 रुपये धरू. तुमच्याकडे एकूण 13,200 चौरस फूट, म्हणजे 79 लाख 20 हजार. त्याचा पाव टक्का 19,800 रुपये वर्षाला. मोठ्या सदनिकेला महिना 81 रुपये, लहानीला 56. ही रक्कम 26 वर्षं जमा केली की होतात 5 लाख 14 हजार 800. तुमच्याकडे जवळजवळ तेवढेच आहेत.

मग व्याज कुठे गेलं?

हेच पैसे दरवर्षी एफडीत टाकून व्याजासकट फिरवले असते, आणि सरासरी सात टक्के धरले (कमीच धरले, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँका ठेवींवर दहाच्या वर देत होत्या), तर आयकर सोडून आज साडेतेरा लाखांच्या पुढे असते. माझा अंदाज सांगतो, जुने ताळेबंद काढून पडताळा. आधीच्या कमिट्यांनी फंडाच्या एफडीचं व्याज दरवर्षी ‘इतर उत्पन्न’ म्हणून जमाखर्चात घेतलं असणार आणि त्यावर मेंटेनन्स कमी ठेवला असणार. त्यात अफरातफर नाही. दहातल्या सहा-सात सोसायट्यांत मी हेच पाहतो, आणि असा सेक्रेटरी फार लोकप्रिय असतो. पण सव्वीस वर्षं लिफ्टने वर-खाली करणाऱ्यांनी लिफ्ट झिजवली आणि झिजेचे पैसे व्याजाच्या रूपाने स्वतःच खाल्ले, असा त्याचा अर्थ होतो. त्यातले बरेच जण सदनिका विकून गेलेही असतील. त्यांचा राहिलेला भाग आता तुमच्यावर आलाय.

हे उगाळायचं कारण असं की मोठा खर्च वाटताना लोक फक्त पुढच्या हप्त्यांचा विचार करतात. खर्च मागेही वाटता येतो, आधीच जमवून. तुमची ती संधी अर्धी गेली. राहिलेला खर्च पुढे वाटताना तीच चूक नको.

फंड वापरण्याबद्दल एक सावधगिरी. सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी, मजबुतीकरणासाठी किंवा आर्किटेक्टने दाखला दिलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी वापरायचा असतो, आणि तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. लिफ्ट बदलणं ‘मोठ्या दुरुस्ती’त बसवून बहुतेक सोसायट्या तो वापरतात, पण आर्किटेक्टचा दाखला फाइलला लावून घ्या, नाहीतर ऑडिटर शेरा मारतो. आणि फंड रिकामा करू नका. इमारत जुनी आहे, उद्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की काय करणार? चार लाख घ्या, एक लाख दहा हजार ठेवा. म्हणजे राहिले 14 लाख, सदनिकेला 58,333.

आता तळमजला.

उपविधींमध्ये कुठला खर्च कशाने वाटायचा याची यादी आहे. मला ती नेहमीच मजेशीर वाटते, कारण तिच्यात प्रत्येक खर्चाचं माप निराळं. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. वॉचमन, झाडू, जिन्यातले दिवे असे सेवाखर्च सगळ्यांना समान, मग घर कितीही मोठं असो. दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाऊण टक्का. आणि लिफ्ट? तिच्या दुरुस्ती-देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांना समान, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. हे शेवटचं उगाच आलेलं नाही. तळमजल्याचा वाद लिफ्टइतकाच जुना आहे.

फक्त तिथे ‘बदलणं’ असा शब्द नाही. उलट मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळावर घ्यायची तरतूद आहे. म्हणून लहान सदनिकेतला एखादा हुशार सभासद उभा राहून म्हणू शकतो, हे भांडवली काम आहे, चौरस फुटांवर वाटा. तसं वाटलं तर लहानीला 47,727 आणि मोठीला 68,939 येतात. फरक एकवीस हजारांचा आहे, त्यामुळे हा मुद्दा सभेत निघणारच. माझं मत समान वाटणीच्या बाजूने आहे. लिफ्ट चौरस फूट उचलत नाही, माणसं उचलते, आणि साडेचारशे फुटांतही पाच माणसं राहतात. पण ठरावात कारण लिहा. ‘समान वाटणीने घ्यावे असे ठरले’ एवढ्यावर सोडू नका.

डोंबिवलीतल्या एका सोसायटीत तळमजल्याच्या एका आजींनी मला सभेतच विचारलं होतं, “बाळा, माझ्या दारात दोन पायऱ्या. मी लिफ्टला साठ हजार द्यायचे, मग पाचव्या मजल्याचा तो माझ्या दारातलं गटार तुंबलं की काय देतो?” सेक्रेटरी नियम वाचायला लागला. मी त्याला थांबवलं आणि मागच्या वर्षीचा ड्रेनेजचा खर्च काढायला सांगितला. 1 लाख 84 हजार, सगळ्यांना समान. पाचव्या मजल्यानेही तेवढेच दिले होते. आजी म्हणाल्या, “मग असं सांगा ना.” पैसे मात्र त्यांनी हप्त्यानेच दिले, आणि प्रत्येक पावती मागून घेतली. तुमच्या चौघांपुढेही असाच तुमच्या वहीतला एखादा आकडा ठेवा. कायद्याचं कलम शेवटी.

आता मी तुमच्या जागी असतो तर पैसे कसे उभे केले असते ते सांगतो.

लिफ्ट कंपनी सगळे पैसे एकदम मागत नाही. ऑर्डरला काही भाग, माल कारखान्यातून निघण्याआधी मोठा भाग, आणि चालू करून दिल्यावर थोडा. टक्केवारी कंपनीगणिक बदलते आणि ती ठरवता येते, शेवटचे दहा टक्के तरी अडवून ठेवा. ऑर्डर आणि माल निघणं यात सहसा दोन-तीन महिने जातात. म्हणजे कंपनीच तुम्हाला थोडी सवड देते आणि तिला व्याज नाही. ऑर्डरचे पैसे फंडातल्या चार लाखांतून द्या. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक सदनिकेकडून 25,000 घ्या, आठ, आठ आणि नऊ हजार असे. ते झाले 6 लाख. राहिले 8 लाख. तेवढ्यांचंच कर्ज काढा, सहकारी बँकेकडून, शिल्लक रकमेवर व्याज, दोन वर्षं, आणि माल निघायच्या आधी उचला, त्यापूर्वी नाही.

11 टक्क्यांनीच धरलं तर महिन्याचा हप्ता 37,286, सदनिकेला 1,554. तुमच्या पाच वर्षांच्या हप्त्यापेक्षा फक्त 47 रुपये जास्त. एकूण बघा. पाच वर्षांच्या योजनेत एक सदनिका 90,420 रुपये भरते. या योजनेत 25,000 अधिक 37,296, म्हणजे 62,296. अठ्ठावीस हजारांचा फरक आहे, एका घरामागे. सभेत हे दोनच आकडे फळ्यावर लिहा. व्याजदर, टक्के काही नको.

पेन्शनवाले पंचवीस हजारांनाही कुरकुर करतील. दोन-तीन घरं खरोखर अडचणीत असतात, त्यांच्याशी सेक्रेटरीने घरी जाऊन बोलावं, सभेत नाही. उलट पाच-सहा जण म्हणतील, आम्हाला व्याज कशाला, सगळे 58,333 एकदम घ्या. घ्या. तेवढं कर्ज कमी उचला आणि त्यांच्या बिलात हप्त्याची ओळच टाकू नका. व्याज फक्त हप्तेवाल्यांनी भरायचं, हे ठरावात स्पष्ट हवं. एका सोसायटीत एकरकमी भरणाऱ्यांच्या बिलातही व्याजाचा वाटा लागत राहिला. चूक सॉफ्टवेअरची होती, पण त्यावरून खजिनदाराला राजीनामा द्यावा लागला. तो खजिनदार माझा चुलत मेहुणा. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कर्ज काढताना ऑडिटरशी आधी बोला. सोसायटीने किती देणी करावीत याला वसूल भागभांडवल आणि राखीव निधीच्या पटीत मर्यादा आहे. आपलं भागभांडवल म्हणजे काय, पन्नास रुपयांचे दहा शेअर, सभासदाला पाचशे, तुमचे सगळे मिळून 12,000 रुपये! भिस्त सगळी राखीव निधीवर. बँक शिवाय कमिटीच्या सभासदांची वैयक्तिक हमी मागू शकते. त्यावर सही करण्यापूर्वी घरी विचारा.

जीएसटीची गंमतही इथेच आहे. सोसायटीला दोन उंबरठे आहेत, सभासदामागे महिना 7,500 आणि वर्षाची उलाढाल 20 लाख. दोन्ही ओलांडले तरच कर. तुमचा मेंटेनन्स वर्षाला 8 लाख 6 हजार. त्यात चौदा लाख एका वर्षात गोळा केलेत तर बेरीज 22 लाख, आणि त्या महिन्यात सभासदामागे 7,500 तर कधीच ओलांडले. वाटून घेतलेत तर पहिल्या वर्षी 8.06 अधिक 6 अधिक हप्ते, साडेअठरा-एकोणीस लाखांत राहता. त्यात एफडीचं व्याज, पार्किंग, मोबाइल टॉवर असेल तर त्याचं भाडं मिळवून बघा, कारण उंबरठा फार लांब नाही. बरेच जण एकदम भरणार असतील तर काहींचे पैसे 31 मार्चच्या आत आणि काहींचे नंतर असं बघा. अशा निधीच्या वर्गणीवर कर लागतो का, यावरच सीए लोकांत दोन मतं आहेत. तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

एवढं झालं की आकडेमोड संपते. खरी डोकेदुखी यानंतर. हप्ते चोवीस महिने चालतात आणि चोवीस महिन्यांत माणसं बदलतात. कोणी विकतं, कोणी भाड्याने देतं, कोणी वारतं, कोणी रुसतं. म्हणून ठराव असा हवा की देणं माणसाच्या नाही, सदनिकेच्या नावावर राहील.

विक्रीचं घ्या. सहावा हप्ता भरून एकाने सदनिका विकली. नवीन मालक म्हणतो, मी आलो तेव्हा लिफ्ट चालू होती, मी तिच्यासकट किंमत मोजली, अठरा हप्ते मी का भरू? जुना म्हणतो, मी राहतच नाही. दोघांचंही खरं आहे! ठरावात एकच वाक्य हवं होतं : हस्तांतरणापूर्वी उरलेली रक्कम एकदम भरावी, किंवा घेणाऱ्याने उरलेले हप्ते भरण्याचं लेखी हमीपत्र द्यावं. खरेदीदाराची बँक सोसायटीकडे पत्र मागते तेव्हा त्या पत्रात ‘लिफ्ट निधी : 6 हप्ते भरले, 18 बाकी’ असं लिहून द्या. मग किमतीत काय वजा करायचं ते दोघं आपसांत बघतील.

भाडेकरूचं वेगळंच. करारात लिहिलेलं असतं ‘मेंटेनन्स भाडेकरू भरेल’. बिल 2,800 वरून अचानक साडेचार हजारांवर गेलं की तो तुमच्याकडे येतो. म्हणून बिलात स्वतंत्र ओळ ठेवा, ‘लिफ्ट निधी हप्ता 7/24, सदनिकाधारकाकडून देय’. मालक परदेशात असेल तर त्याच्याकडून वर्षाचे धनादेश किंवा बँकेतून आपोआप वळती. आणि हो, ही ओळ सेवाखर्चात मिसळलीत तर बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्या मालकाकडून सोसायटी जे जादा घेते त्याचा, घोळ होतो, कारण ते सेवाखर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. भाड्याने दिलेल्या घरांना उगाचच दीडशे रुपये जास्त लागतील आणि ते भांडतील. बरोबरच आहे त्यांचं.

थकबाकीदार. चोवीस घरांत दोन असतातच, नावंसुद्धा तुम्हाला आत्ताच आठवली असतील. बँक त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून बिलात 1,554 लावू नका, 1,700 लावा. बावीस घरांनी भरले तरी 37,400 येतात आणि 37,286 चा हप्ता सुटतो. दोघांनी नंतर भरले की ते वर उरतात. थकबाकीवर व्याज लावायची कमाल मर्यादा 2014 च्या आदर्श उपविधीत 21 टक्के सरळव्याज होती. तुमच्या नोंदणीकृत उपविधीत काय आहे ते बघून लावा. वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करायच्या आदेशासाठी, सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे जाता येतं, 2019 नंतर गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात वेगळं प्रकरणच आलंय, पण त्याला महिने लागतात. आणि लिफ्टचं कार्ड लावून थकबाकीदाराला अडवायची कल्पना कोणीतरी काढेलच. मुळीच करू नका. त्याच घरात एखादे आजारी काका असतील, आणि मग आरोपी तुम्ही.

चोवीस महिने संपले की 1,700 ची ओळ काढून टाकावी असं सगळ्यांना वाटेल. तिथे अडून बसा. आजचा 18 लाखांचा खर्च वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला तर वीस वर्षांनी पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास जाईल. सात टक्के व्याज धरून तेवढे उभे करायला सदनिकेमागे महिना 405 रुपये लागतात. 1,700 वरून 400 वर आणलेत तर लोक सवलत मिळाली म्हणून खूश होतात. शून्यावर आणून सहा महिन्यांनी परत 400 मागितलेत तर वाढ केली म्हणून सभा डोक्यावर घेतात. म्हणून ‘हप्ते संपल्यावर 400 रुपये लिफ्ट बदल निधी, व्याज त्याच निधीत जमा’ हे आजच्याच ठरावात घाला, आता सगळे लिफ्टला कंटाळलेत तोवर. 1,700 मधून वाचलेले पैसेही त्याच खात्यात.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. पूर्ण लिफ्ट बदलायची गरज आहे का? जुन्या लिफ्टचे रेल आणि प्रतिभार (लिफ्टचा तोल सांभाळणारं वजन) पुष्कळदा ठणठणीत असतात. बिघडतं ते कंट्रोलर, दरवाजे, मोटर. नुसतं आधुनिकीकरण केलं तर खर्च बराच खाली येतो. कंपनी स्वतःहून ते सुचवणार नाही, नवीन विकण्यात तिला जास्त मिळतं. लिफ्ट न विकणाऱ्या एखाद्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या, त्याची फी काही हजारांत असते. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी लिफ्ट निरीक्षकाच्या परवानगीचं काम कोण करणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणि जुन्या लिफ्टचं भंगार. लोखंड, तांब्याची वायर, मोटर यांची रक्कम लहान नसते. कंत्राटदार ‘आम्ही उचलून नेऊ’ म्हणतो ते उपकार म्हणून नाही. जेवढी कोटेशनं मागवाल त्या सगळ्यांत भंगाराची किंमत वेगळ्या ओळीत मागा, पैसे धनादेशाने सोसायटीच्या नावे घ्या आणि लिफ्ट निधीत जमा करा.